आजी-माजी शिबिरार्थी

शिबिराच्या शेवटच्या रात्री जो सर्वांत जास्त रडतो, तो सर्वांत आधी बेपत्ता होतो. हा नियम कुठल्या प्रबंधात सापडणार नाही. पण कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं एखादं तरी निवासी शिबिर ज्याने केलंय, तो याचा पुरावा मागणार नाही. सातव्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत समारोप होतो, सरपंच 'दोन शब्द' म्हणून पाऊण तास बोलतात आणि मग मनोगतं सुरू होतात. एक गडी माइकसमोर येतो, "या सात दिवसांनी मला..." एवढं म्हणतो आणि त्याचा कंठ दाटतो. मुली ओढणीने डोळे टिपतात. मग तो एकेकाच्या गळ्यात पडून बजावतो, "काही झालं तरी संपर्क तुटू द्यायचा नाही!" दुसऱ्या दिवशी एसटी कॉलेजच्या फाटकाशी लागते, गडी वळकटी खांद्यावर टाकून उतरतो, आणि त्यानंतर जो उगवतो तो थेट केस विरळ झाल्यावर, विम्याची पॉलिसी समजावून सांगायला.

याउलट "मनोगत नको, मी पातेली घासतो," म्हणणारा एक असतो. सात दिवसांत तो सात वाक्यं बोललेला नसतो. त्याने कोणाला शपथ घातलेली नसते, त्याला कोणी घातलेली नसते. त्याचा मात्र दर दिवाळीला फोन येतो. "काही नाही, सहज केला. बरंय ना सगळं? ठेवतो." आपण 'अरे, तू कुठे असतोस हल्ली' असं विचारेपर्यंत त्याने खरंच ठेवलेला असतो.

माजी स्वयंसेवकांना धरून ठेवण्याचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं, ते सांगायला फार वेळ लागणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचं ब्रीद आहे, 'मी नव्हे, तू.' पिठल्याची शेवटची पळी उरते तेव्हा ते कोणाच्या लक्षात राहत नाही, पण "आपल्या सगळ्यांची यादी कोण करणार?" असा प्रश्न निघाला की अख्खी बॅच एकमुखाने ब्रीद पाळते. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या पाठीमागे भिंत होती.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत तिचा आरंभ केला आणि पहिल्या खेपेला ४०,००० विद्यार्थी होते. ते चाळीस हजार आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यानंतर दर वर्षी नवी भरती होत राहिली, त्यामुळे आता माजी स्वयंसेवकांचा आकडा काढायचा तर जनगणनेचे प्रगणकच बोलवावे लागतील. आपल्याकडच्या कुठल्याही मंगल कार्यालयात उभं राहून "एनएसएसची टाळी!" एवढं ओरडून पाहा. वरपक्ष, वधूपक्ष, आचारी, फोटोग्राफर यांच्यातून दहा-बारा जण आपसूक ती ठरावीक तालातली टाळी वाजवतील. भटजींचाही हात उठेल.

दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर, असा हिशेब असतो. काही विद्यापीठांत त्याबद्दल दहा वाढीव गुणही मिळतात, आणि आपण सगळे समाजसेवेच्या ओढीने आलो होतो असं जे म्हणतात, त्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून म्हणावं. पण दहा गुणांसाठी आलेल्या मुलाच्या तळहाताला कुदळीने जे फोड येतात, ते ध्येयवाद्याच्या फोडांइतकेच खरे असतात. ते २४० तास कशात गेले ते कोणाला आठवत नाही. त्या सात दिवसांचं मात्र एखाद्याला विचारून पाहा. पहाटेच्या शिट्टीपासून सुरुवात करील, आणि तुमची शेवटची लोकल जाईपर्यंत प्रभातफेरीतच असेल.

मोबाइल नव्हते तेव्हा संपर्काचा सगळा भार एका दोनशेपानी वहीवर असे. सहाव्या रात्री शेकोटीभोवती ती वही फिरायची. पत्ता लिहिताना माणूस किती मोकळा होतो, ते त्या वहीत बघावं: 'मु. पो. अमुक, व्हाया तमुक, ग्रामपंचायतीमागे, पिठाच्या गिरणीला लागून, वडिलांना अण्णा मास्तर म्हणतात.' फोनच्या रकान्यात आकडा असलाच, तर त्याच्यापुढे 'पी. पी.' ही दोन अक्षरं असायची. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. तिथे संपर्क साधायचा तर आधी शेजारच्या काकूंची तोंडी परीक्षा द्यावी लागे: कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काय काम आहे. मुलाने मुलीसाठी फोन केला असेल, तर ती घरात नाही हे काकू तिच्या घरी न विचारताच सांगून टाकत. सेवा योजनेतल्या कितीतरी संभाव्य विवाहांचा निकाल अशा काकूंनी परस्पर लावलेला आहे.

पत्रांचा क्रमही ठरलेला होता. पहिलं आंतरदेशीय, चारी अंगांनी भरलेलं, डिंक लावायच्या पट्टीवरसुद्धा 'ता. क.' लिहिलेला. दुसरं पोस्टकार्ड. तिसरं दिवाळीचं छापील भेटकार्ड, आत नुसती सही. चौथी लग्नपत्रिका, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली, आणि त्यात 'आपले नम्र' खाली इतकी नावं की लग्न नेमकं कोणाचं ते शोधावं लागे. त्यानंतर टपाल बंद. पोस्टकार्ड पंधरा पैशांना होतं तेव्हा 'महागाईत कुठे लिहिणार' म्हणून लिहिलं गेलं नाही. पुढे ते पन्नास पैशांना झालं आणि तिथेच थांबलं. पन्नास पैशांत आज काहीही येत नाही, फक्त पोस्टकार्ड येतं. तरी कोणी लिहीत नाही.

यादी करायला बसलो तेव्हा पहिला धोंडा आडवा आला तो नावांचा. कार्यक्रम अधिकारी सरांच्या कपाटात शिबिराची हजेरी होती. तिच्यात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आणि आमच्या डोक्यात होती ती माणसं म्हणजे सुतळी, पातेलं, डबल खिचडी, भूकंप आणि बादली. एका बाजूला पन्नास नावं, दुसऱ्या बाजूला पन्नास माणसं, आणि जोड्या लावा. परीक्षेत हा प्रश्न गुण मिळवून द्यायचा. इथे आम्ही सगळे नापास.

सुतळीचा शोध लागला, कारण ती आता एका शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "शाळेच्या नंबरावर त्या नावाने हाक मारलीस तर बघ." भूकंप सापडला. तो बांधकाम खात्यात आहे. बादली मात्र कोणालाच सापडेना. मी सुतळीला विचारलं.

"अगं, बादली आठवतो ना?"

"न आठवायला काय झालं! विहिरीत बादली सोडली, दोर हातात धरायचा विसरला, आणि वर सरांना म्हणाला, खाली पोचली सर."

"हां, तोच. त्याचं नाव काय?"

"बादली."

"आईवडिलांनी ठेवलेलं?"

फोनवर बराच वेळ शांतता. मग सुतळी म्हणाली, "ते आपण कधी विचारलं होतं का रे?"

मुलींच्या बाबतीत गुंता आणखी निराळा. हजेरीत माहेरचं आडनाव, फेसबुकवर दोन्ही, गॅसच्या पुस्तकावर सासरचं, आणि एकदोघींची तर सासरी पहिली नावंही बदललेली. आमच्या यादीत एकच मुलगी तीन ठिकाणी आली होती, आणि ती तिघीजणी मिळून एकाही फोनला उत्तर देत नव्हती. शेवटी ती तिच्या भावामार्फत सापडली. भाऊ आधी म्हणाला, "कसलं शिबिर?" मग म्हणाला, "हां हां, ते! तिथून ती आली आणि आठवडाभर आम्हाला पहाटे साडेपाचला शिट्टी मारून उठवायची. तुम्हीच का ते?"

मग व्हॉट्सॲप आलं. त्याच्या ग्रुपमध्ये आता १०२४ माणसं मावतात. आमची बॅच त्याच्या पासंगालाही पुरत नाही, तरी आमचे ग्रुप अर्धा डझन. आधी 'शिबिर परिवार' होता. निवडणूक आली, परिवारात भाऊबंदकी झाली आणि 'शिबिर परिवार (राजकारण नको)' निघाला. त्यात राजकारण नको म्हणण्यावरूनच राजकारण झालं. पुढे 'फक्त आठवणी', मग आठवणींत कोण कोणाला काय म्हणालं होतं यावरून 'फक्त फोटो'. सेवा योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवक चोवीस तास सेवेला तत्पर, असा त्याचा अर्थ आम्हाला बौद्धिकात सांगितला होता. तो अर्थ आता कुठे प्रत्यक्षात आलाय. पहाटे चार वाजता अमेरिकेतला शिबिरार्थी जेवणाचा फोटो टाकतो, पाचला गावाकडचा 'शुभ सकाळ', आणि आठही प्रहर कोणी ना कोणी मूळव्याधीवरचा घरगुती उपाय पुढे ढकलत असतो.

गंमत म्हणजे ग्रुपवर 'खूप वर्षांनी भेटतोय' हा आनंद साधारण तीन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांना 'काय करतोस' विचारून झालेलं असतं. चौथ्या दिवसापासून २४ सप्टेंबरपर्यंत सामसूम. त्या दिवशी योजनेचा वर्धापनदिन असतो. सकाळपासून शुभेच्छा वाहतात, जुना धूसर फोटो फिरतो, त्यात डावीकडून तिसरा कोण यावर दुपारपर्यंत वाद होतो, आणि रात्री ग्रुप पुन्हा गुडूप.

आपल्याला वाटतं आपणच संस्थेला विसरलो. संस्थेचंही तसंच असतं. तिला मधूनच आपली आठवण येते, आणि ती येण्याचं वेळापत्रक बंगळुरूला ठरतं. तिथे 'नॅक' ही संस्था आहे. १९९४ साली स्थापन झालेली ही संस्था महाविद्यालयांचं मूल्यांकन करून श्रेणी देते. तिच्या सात निकषांपैकी पाचव्यात माजी विद्यार्थ्यांशी संबंध किती, याची विचारणा असते. समिती येणार असं पत्र आलं, की वर्षानुवर्षं 'माजी' हा शब्द फक्त प्राचार्यांच्या आधी वाचलेल्या कार्यालयाला आपली सगळी लेकरं आठवतात. मग गूगल फॉर्म येतो. नावापुढे लाल चांदणी, पदापुढे लाल चांदणी, 'संस्थेला आपण कोणत्या स्वरूपात योगदान देऊ इच्छिता' याच्यापुढे तर दोन. पर्याय : आर्थिक, मार्गदर्शनपर, इतर. एका महाविद्यालयाच्या फॉर्मवर मी 'इतर' निवडलं आणि खाली 'खड्डा खणून देईन' असं लिहिलं. फॉर्म म्हणाला, ही माहिती वैध नाही.

फॉर्ममागून मेळावा येतो. माजी शिबिरार्थी स्नेहमेळावा. 'आग्रहाचे निमंत्रण' ही अक्षरं सोनेरी. वेळ सकाळी दहा, म्हणजे साडेअकरा. दीपप्रज्वलनासाठी समई पुढे आणतात, आणि वरचा पंखा बंद करायचं बटण नेमकं कुठलं यावर दोन शिपाई आणि एक प्राध्यापक सगळी बटणं दाबून पाहतात. बटणांच्या त्या गडबडीत माइकही बंद होतो. पुष्पगुच्छांऐवजी हल्ली पर्यावरणपूरक स्वागत करतात, म्हणजे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतलं रोप. ज्यांनी शिबिरात झाडं लावली, त्यांना आता रोपं द्यायची, ही कल्पना उत्तम. पण चौथ्या मजल्यावर वन-बीएचकेत राहणाऱ्या माणसाला वडाचं रोप दिलं, तर तो ते हळूच खुर्चीखाली सरकवणारच. कार्यक्रम संपल्यावर सगळ्या खुर्च्यांखालची रोपं शिपायाच्या घरी जातात. अशा चार-पाच मेळाव्यांनंतर त्या शिपायाच्या परसात जे रान माजलंय, ते महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालातल्या वृक्षारोपणापेक्षा कितीतरी दाट आहे.

मग मनोगतं. जे बौद्धिकाच्या सत्रात भिंतीला टेकून हमखास झोपायचे, ते आता दुसऱ्यांना बौद्धिक देतात. प्रत्येकाच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं : शिबिराने मला घडवलं. त्यातला जो आज मोठ्या पदावर आहे, त्याच्याबद्दल उरलेले सगळे, "हा माझ्या शेजारी झोपायचा," असं सांगतात. शाळेच्या त्या वर्गात त्याच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक एवढीच जागा होती. पण दावेदार मोजले, तर तो सात दिवस झोपमोड करून जागा बदलत होता असं म्हणावं लागेल. ही खोड आमच्यापुरती नाही. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या जुन्या मंडळींत बसा. त्यांच्या कलापथकांतून निळू फुले आले, राम नगरकर आले, दादा कोंडके आले. पडद्यावरच्या निळूभाऊंच्या पाटलाला शिव्या घालत घरी परतलेला सेवा दलातला माणूस दुसऱ्या दिवशी अभिमानाने सांगायचा, "आमचा माणूस!"

मात्र सेवा दलाच्या माणसांना एकमेकांना ओळखायला यादी लागत नाही, हे मी पाहिलंय. अनोळखी गावात एसटीतून उतरताना एकाने "जिंदाबाद" म्हटलं आणि दुसऱ्याने उत्तरादाखल तेच म्हटलं, की चहा कोणाकडे प्यायचा एवढाच प्रश्न उरतो. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीचंही तेच. बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या या छावणीत चंद्रपुरातल्या मे महिन्याच्या उन्हात मुलं घाम गाळायला जातात. ज्याने एकदा तो उन्हाळा काढला, तो पुढे आपल्या पोरांनाही तिथे धाडतो. स्वतः सोसलंय म्हणूनच धाडतो, असं पोरांचं म्हणणं असतं. याच बाबांनी १९८५ साली शंभरावर तरुण-तरुणींना सायकलवर बसवून कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' अभियान नेलं. त्यांनी देश जोडायला काढला होता. आम्हाला एका तालुक्यातली माणसं जोडता येईनात.

या सगळ्या खटाटोपात एका जागेची आठवण कोणालाच झाली नव्हती. शिबिर ज्या गावात झालं ते गाव. कागदोपत्री त्याला 'दत्तक गाव' म्हणतात. म्हणजे एकोणीस वर्षांच्या, अजून स्वतःच्या सायकलची हवा वडिलांच्या पैशांनी भरणाऱ्या मुलांनी पंधराशे वस्तीचं अख्खं गाव दत्तक घेतलं होतं. गावाला विचारलेलं नव्हतं. आठव्या दिवशी मायबाप एसटीत बसून निघून गेले आणि लेकरू आपलं मागे राहिलं. आम्ही त्या गावाला स्वच्छतेबद्दल पथनाट्य करून दाखवलं होतं. आमच्या मुक्कामाची जागा आम्ही गेल्यावर गावाने दोन दिवस झाडली, हे आम्हाला फार नंतर कळलं. माजी शिबिरार्थ्यांच्या कुठल्याही यादीत त्या गावातलं एकही नाव नव्हतं. शिबिर तर त्यांनीही केलं होतं. आमच्यापेक्षा जास्त. आमच्यानंतरही दर वर्षी नवी पोरं येत होती आणि गाव प्रत्येक वेळी नव्याने पथनाट्य बघत होतं.

सुतळी आणि मी बादलीच्या शोधात मावळातल्या त्या गावी गेलो. शाळेसमोर पूर्वीचंच कौलारू घर, ओट्यावर आजी तांदूळ निवडत बसलेल्या. आमच्या वेळी पाणी प्यायला सगळे तिथेच जायचो. आजींनी सुपावरून नजर न काढता आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, कसं ते विचारू नका.

"तू ती व्हय, पोट दुखतंय म्हनून श्रमदानाला न जाता हितं झोपली हुतीस?" मुख्याध्यापिकाबाई लाजून लाल.

"आन् ह्यो ताक मागायचा." हा म्हणजे मी.

पुढचा तासभर आम्ही फक्त ऐकत होतो. आजींना लिहिता-वाचता येत नाही, पण आमच्या बॅचची त्यांच्याइतकी अद्ययावत नोंद कार्यालयात नाही, गूगलकडे नाही. कोणाचं लग्न कोणाशी झालं. कोणाचं मोडलं. कोण तिकडून जाताना थांबला, कोण थांबतो म्हणाला आणि थांबला नाही. त्यांची वर्गवारी निराळी : चार भाकरी खाणारा, रातच्याला भ्यायची ती, चुलीला फुंकर घालून भुवया जाळून घेतलेला, वडील वारल्यावर आलता आन् काय बोलला न्हाई तो. नातवाने त्यांच्या बटणांच्या फोनमध्ये नंबर त्याच नावांनी भरून दिलेले. 'चार भाकरी' या नावाखाली एक उपजिल्हाधिकारी निघाला. त्याला गाठण्यासाठी मी त्याच्या स्वीय सहायकाकडे अर्ज करून बसलो होतो. आजींनी बटण दाबलं आणि दुसऱ्या रिंगला पलीकडून आवाज आला, "बोल आजी."

"बादलीवाला?" आजी म्हणाल्या. "त्यो येतो की. दर जत्रंला येतो."

मग त्यांनी आत बोट केलं. पडवीत एकावर एक रचलेल्या बादल्या होत्या. लाल, निळ्या, हिरव्या, एक पत्र्याची, दोन झाकणाच्या. विहिरीत पडलेली बादली आजींची होती. पुढच्या जत्रेला तो भरपाई म्हणून नवी घेऊन आला. मग रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून त्याच्या पुढच्या जत्रेलाही बादलीच. आता ती रीतच पडली आहे. "निम्म्या आळीला वाटल्या," आजी म्हणाल्या. "त्येला सांगा, यंदा घागर आन."

"आजी, त्याचं नाव काय?"

"नाव कशाला लागतंय? येतो म्हनलं ना."

तेवढ्यात शाळेतले गुरुजी आले आणि त्यांनी वेगळाच विषय काढला. ओढ्यावर आम्ही वनराई बंधारा घातला होता. मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेमुळे गावोगाव माहीत झालेला हा बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, तोंडं शिवून, ती वाहत्या पाण्यात सांधेमोड करत रचायची. खर्च जवळजवळ काही नाही. पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरी थोड्या जास्त टिकतात, रब्बीला एखादं पाणी मिळतं. पण पुढच्या पावसाळ्यात पोती वाहून जातात. दर वर्षी पाऊस ओसरला की नव्याने घालावा लागतो. आम्ही तो एकदा घातला, फोटो काढला आणि अहवालात 'बंधारा पूर्ण' असं लिहिलं. तो बंधारा फक्त आमच्या अहवालात आजवर टिकून आहे.

त्या रात्री मी सगळ्या ग्रुपांवर एकच ओळ टाकली. आग्रहाचं निमंत्रण वगैरे काही नाही. 'रविवारी सकाळी सात, ओढ्यावर. पोती भरायची आहेत. घमेलं असेल तर आणा.'

समारोपात रडलेल्या गड्याचं उत्तर सर्वांत आधी आलं : 'मनाने तिथेच आहे.' मनाने येणाऱ्यांची संख्या मोठी होती. पण अंगाने येणारेही बरेच निघाले, आणि त्यांतल्या निम्म्यांनी आजवर एकाही फॉर्मला, एकाही मेळाव्याला दाद दिलेली नव्हती. पातेली घासणारा सहाला हजर होता. तो म्हणाला, "काही नाही, सहज आलो," आणि सरळ पाण्यात उतरला. उपजिल्हाधिकारी गाडी लांब उभी करून चालत आला आणि आजींकडे आधी हजेरी लावून मग ओढ्यावर. सुतळीने आपल्या शाळेतून पोती शिवायचा दाभण आणि, नावाला जागून, सुतळीचं भेंडोळं आणलं होतं. बादली आला. आजींच्या निरोपाप्रमाणे घागर घेऊन आला.

कोणी कोणाला 'हल्ली काय करतोस' विचारलं नाही. पोत्याच्या तोंडाचं एक टोक याने धरायचं, दुसरं त्याने, तिसऱ्याने फावड्याने माती ओढायची. या कामात पदाचा रकानाच नाही. 'अरे वाकडं लावतोयस,' 'तुझी पोती फाटकीच,' 'तेव्हाही असाच रेंगाळायचास,' अशी भाषा. एका ओळीत पोती चुकीची रचली म्हणून बांधकाम खात्यातल्या भूकंपाला एका दहावीच्या पोराने सगळ्यांदेखत उलगडायला लावली. अकरा वाजता आजींनी पिठलं-भाकरी पाठवली. उपजिल्हाधिकाऱ्याने तीन खाल्ल्या. आजींनी वय झालं म्हणून सोडून दिलं.

दुपारी महाविद्यालयातून फोन आला. एवढे माजी विद्यार्थी एका ठिकाणी जमल्याची बातमी तिथवर पोचली होती. "फोटो हवाय," पलीकडचे म्हणाले. "जिओ-टॅग केलेला. अक्षांश-रेखांशासह. नाहीतर नॅकला धरत नाहीत." त्या वेळी बाकी सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिखलात होते आणि फोन आजींच्या पडवीत, बादल्यांत. मी तसं सांगितलं. पलीकडून विचारणा झाली की निदान सगळ्यांची नावं, हुद्दे आणि सह्या तरी मिळतील का. मी बादलीला म्हटलं, "अरे, तुझं पूर्ण नाव सांग रे एकदा." तो गुडघाभर पाण्यात होता, डोक्यावर पोतं होतं. म्हणाला, "आधी हे घे."

तर फोटो नाही, सह्या नाहीत, नावांची यादी अपुरी. त्यामुळे महाविद्यालयाच्या दप्तरी हा मेळावा झालेलाच नाही. आम्हाला ही गोष्ट इतकी सोयीची वाटली, की पुढच्या पावसाळ्यानंतरही असाच एक न झालेला मेळावा घ्यायचं तिथल्या तिथे ठरून गेलं. माणसं जमतील, त्यांची काळजी नाही. अडचण पोत्यांची आहे. पोती सिमेंटची हवीत, रिकामी, तळ शाबूत असलेली. तुमच्या ओळखीत कोणाच्या घराचं बांधकाम चालू असेल, तर टाकू नका म्हणावं. आम्ही येऊन घेऊन जाऊ.